वरचे दोन

पेरू चावला आणि पेरूलाच रक्त लागलं.
आतून लालच निघाला होता तो,
म्हणून आधी कळलं नाही.
मग आरशात पाहिलं. हिरडीच्या कडेनं
एक लाल रेघ,
शाळेत वहीला समास आखायचो तशी,
पट्टी जराही न हलवता.

माझं पोट तोंडावर.
भवानी पेठेतल्या बँडमध्ये सतरा वर्षं क्लॅरिनेट.
वरचे दोन दात माउथपीसवर टेकवायचे,
खालचा ओठ आत दुमडून गादी करायची,
मग श्वास सोडायचा.
ते दोन हलले की सूर हलतो.
वैशाखात रास्ता पेठेच्या वळणावर,
नवरदेव घोड्यावर, भाऊबंद नाचताहेत,
आणि माझा सूर चपलेच्या अंगठ्यासारखा
तुटला.
गफूर मास्तरांनी वळून पाहिलं.
बोलले काहीच नाहीत.
पुढच्या लग्नात माझ्या हातात झांजा दिल्या.

पहिल्या दवाखान्यात फॉर्म होता.
'इतर आजार' आणि पुढे टिंबं टिंबं.
मी ती टिंबं भरली. एवढंच केलं.
बाई कागद घेऊन आत गेली, बाहेर आली,
म्हणाली, मशीन बिघडलंय.
आत मशीन चालू होतं.
माझा कान बँडवाल्याचा,
वरच्या निषादाला पक्कं लागलेलं होतं ते.

दुसऱ्यानं रात्री साडेनऊनंतर बोलावलं,
सगळे गेल्यावर. शटर अर्धं ओढलेलं.
वाकून आत जायचं होतं.
वाकलो,
आणि तसाच वाकलेला मागे फिरलो.

गोळ्या बारा वर्षं चालू आहेत,
रात्री दहाला, वरात कुठेही असो.
रिपोर्टवर छापलंय, विषाणू सापडत नाही.
तो सापडत नाही,
मी मात्र सापडतो सगळ्यांना.

घरी माझा ब्रश वेगळ्या पेल्यात असतो.
शेवंतानं नाही, मीच ठेवला.
ती रोज उचलून आपल्या पेल्यात घालते,
मी रोज काढतो.

दंत महाविद्यालयात नववी खुर्ची.
शिकाऊ मुलगी, अन्विता सुपेकर,
चेहऱ्यावर प्लास्टिकची ढाल, त्यामागे मुरूम.
म्हटलं, आधीच सांगतो. सांगितलं.
"बरं. सीडी-फोर किती? आणि तंबाखू?"
पहिल्याचं उत्तर तोंडपाठ होतं.
तंबाखूपाशी अडखळलो.
ती चिडली ती तंबाखूवर.

मी तिचे हातमोजे बघत होतो,
एकावर एक दोन घालेल म्हणून.
एकच जोडी. आठव्या खुर्चीवर होती तशीच.

चार खेपा झाल्या. कीटण खरवडलं, पू निघाला.
वाटीत थुंकलो तर पाण्याची धार
गोल फिरून सगळं घेऊन गेली, कुणी दचकलं नाही.
तिसऱ्या खेपेला म्हणाली,
वरचे दोन काढावे लागतील बहुतेक.
मी पिशवीतून क्लॅरिनेट काढलं,
खुर्चीतच, न फुंकता, नुसतं लावून दाखवलं.
तिनं वाकून पाहिलं कुठे टेकतं, दाब किती.
मग सरांना हाक मारली,
सरांनी आणखी सहा पोरांना.
आठ जणं माझ्या तोंडात डोकावत उभी.
बारा वर्षांत इतकी माणसं
इतक्या जवळ आली नव्हती.
दिवा डोळ्यांवर होता, म्हणून पाणी आलं,
असं मी म्हटलं.

मागून बारीक तार बांधली,
सहा दातांची एकमेकांना.
"टिकतीलच असं नाही हं.
ब्रश दोनदा. तंबाखू शून्य. तीन महिन्यांनी या."

काल दुपारी गच्चीवर क्लॅरिनेट लावलं.
शेवंता कुरडया वाळत घालत होती.
जिभेला तार लागली. फुंकलं,
तर बदकासारखा आवाज निघाला.
ती हसली. हाताला पीठ, तसाच हात तोंडावर.
मी परत लावलं.

पुडी अजून खिशात आहे.
फोडलेली नाही.
आज चौथा दिवस.