अप्पु

सासूबाई घरात तेलुगू बोलतात.
त्यांच्या भाषेत कर्जाला अप्पु म्हणतात.
लावण्या चार वर्षांची होती तेव्हा विचारायची,
अप्पु कोण आहे? आपल्याकडे जेवायला का येत नाही?
त्याचं नाव निघालं की बाबा उठून पंखा का वाढवतात?

आता ती सातवीत आहे. विचारत नाही.

आला तेव्हा एवढासा होता.
पार्क चौकात मांडवाखाली टेबल, टाय लावलेला मुलगा,
कार्डावर चाकांची बॅग फुकट.
ती बॅग घेऊन एकदाच श्रीशैलला गेलो,
चाक तिथल्या पायरीवर राहिलं.

मग मे महिन्यातला कूलर. नणंदेच्या लग्नातला आहेर.
लावण्याचा डेंग्यू, पाच दिवस प्लेटलेट मोजत.
तेव्हा कार्ड घासलं, त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.
बाकीच्यांचं वाटतं. टीव्हीचं विशेष.

दर महिन्याला किमान रक्कम भरायचो,
म्हणजे दारातल्या माणसाला चहा पाजून
पुढच्या महिन्यात या म्हणायचो,
आणि तो जाताना भिंतीतली एक वीट घेऊन जायचा.

आमच्या गल्लीत पाणी पाच दिवसांनी येतं.
पहाटे तीनला उठून मी पिंप भरते, घागरी, कळशा,
कुकरसुद्धा.
धुण्याचं पाणी फरशीला, तांदळाचं कढीपत्त्याला.
पाच दिवसांत कधी शेजारी हंडा घेऊन गेले नाही.
त्या रात्री पाइप धरून उभी होते
आणि एकदम वाटलं, पगार तर तीस दिवसांनी येतो,
तारीखसुद्धा ठरलेली,
मग त्याला घरात एक भांडं का नाही?

श्रीहरीला हलवलं.
पाणी आलंय तर भर की, तो झोपेतच म्हणाला.
म्हटलं, उठ. दुसरं भरायचंय.

जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहिलं:
एक लाख अडतीस हजार चारशे बारा.
सासूबाईंनी आकडा तेलुगूत म्हणून पाहिला.
तरी तेवढाच होता.

केबल बंद. नव्या पेठेत जायचं ते फक्त चालायला.
त्याचा टॉवेल कारखान्यातला ओव्हरटाइम
पूर्वी कुठे मुरायचा कुणास ठाऊक, आता त्याला रकाना.
माझ्या युनिफॉर्मच्या कॉलरी, नगाला एक रुपया ऐंशी,
झोपण्याआधी चाळीस जास्त.
सासूबाईंनी माळ्यावरून विड्यांचं सूप काढलं.
नको म्हटलं.
त्यांनी ऐकू आलं नाही असं दाखवलं.

श्रावणात त्यानं न सांगता बूट आणले.
दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही.
तिसऱ्या दिवशी खोकं उघडलं,
नंबर लावण्याचा होता.

आणि गड्ड्याच्या जत्रेत ती म्हणाली,
मला पाळण्यात बसायचं नाही, खालून बघायलाच आवडतं.
हे वाक्य कुठल्या रकान्यात लिहायचं
मला अजून कळलेलं नाही.

मधूनच बँकेतून फोन यायचा, गोड आवाजाच्या बाईचा:
अभिनंदन, तुमची मर्यादा वाढवली आहे.
बाई, म्हटलं, आमची आम्हीच वाढवतोय.

एकोणतीस महिने लागले.
कार्ड कापायला कापडाची कात्री घेतली नाही,
धार जाते.
श्रीहरीनं पत्र्याच्या कात्रीनं कापलं,
तुकडे चाक नसलेल्या बॅगेत टाकले,
बॅग भंगारवाल्याला दिली.
त्यानं तीस रुपये दिले. तेही लिहिले.

पोस्टात खातं उघडलं, महिना पाचशे.
सासूबाईंना विचारलं, याला तुमच्यात काय म्हणतात?
त्या जरा थांबल्या,
जणू लांबच्या नातेवाइकाचं नाव आठवतायत.
पोदुपु, म्हणाल्या.
लावण्यानं पासबुकावर पेन्सिलीनं लिहिलं.
लग्नाला चौदा वर्षं झाली,
हा शब्द मी या घरात पहिल्यांदा ऐकला.

आज पाणी यायची पाळी होती. आलं नाही.
असू दे.
घागरीत आहे अजून.