चार बोटं

सकाळी सहाला दहा कमी असताना
बुटाची नाडी बांधायला वाकले
आणि अर्ध्यातच अडकले.
कुणी मागून जॅकेट धरून ठेवावं तशी.
मग पाय खुर्चीवर, कूस बदलून,
एकेक बूट.
तीन वर्षांनी पळायला निघालेल्या बाईचा
पहिला किलोमीटर स्वयंपाकघरातच संपतो.

वाल्दिव्हियाचे रस्ते कधी पुरते वाळत नाहीत.
नदीकाठी दिवे अजून पिवळे,
आणि मी, ओर्फेलिना अंकापान, वय सत्तेचाळीस,
मासळीबाजारात गाळा नंबर सहा,
फळीसारखी ताठ पाठ घेऊन
पुलाकडे निघालेली.
पुलाच्या अलीकडेच ती म्हणाली, बास.
दम नाही म्हणाला. गुडघेही नाहीत,
ते बिचारे तयार होते.
बास म्हणाली ती पाठच.

कठडा धरून उभी राहिले.
खाली लाकडी धक्क्यावर समुद्रसिंह पसरलेले.
त्यातलं एक धूड
छाती उचलतं, मान मागे टाकतं,
पाठीची कमान करून जांभई देतं,
पुन्हा आडवं होतं.
त्याला कुणी शिकवलं नाही.
मला मात्र दवाखान्यातल्या माइतेनं
चटईवर पालथं घालून नेमकं हेच करायला लावलं.
"वर, अजून जरा वर, श्वास सोडा."
ती पंचविशीतली.
आपल्याला पाठ आहे हे तिला अजून ठाऊक नाही.

एक मिनिट पळा, म्हणाली, दोन मिनिटं चाला.
हट्ट नको, पण अंथरूणही धरू नका.
आणि मग, नोंदवहीत काही लिहिता लिहिता,
"पाठ चोर नसते बरं का, साक्षीदार असते."

चोर सापडायला ईस्टर यावा लागला.
त्या गुरुवारी अख्ख्या गावाला मासळी हवी.
साठ किलो सिएरा चिरून झाली,
सुरी ठेवली, दोन्ही हात कमरेवर,
हळूहळू सरळ होऊ लागले,
तर शेजारच्या गाळ्यावरून म्हातारा एउसेबिओ म्हणाला,
"वाकलीस की हुबेहूब आई दिसतेस.
सरळ झालीस की नाही दिसत."

मी फळीकडे पाहिलं.
आई माझ्या खांद्याला लागायची.
ही फळी आजोबांनी तिच्या मापानं ठोकलेली,
तिच्या कोपराच्या जरा खाली.
ती गेली, गाळा माझ्याकडे आला,
पळणं सुटलं,
आणि रोज नऊ तास
मी तिच्या उंचीची होऊन उभी राहिले.

म्हणजे ही उसण उसनी होती.
परत करावी
तर घेणारं कुणी उरलेलं नाही.

एउसेबिओनं बोटीच्या जुन्या लाकडाचे ठोकळे कापून आणले,
चार पायांखाली चार.
बोटं लावून मोजलं: चार बोटं.
आई चिडली असती. बसलेली घडी कशाला मोडता?
पहिल्या दिवशी सुरीचा कोन चुकला,
अंगठा कापून घेतला,
रक्त आणि मासळीचं पाणी कोपरापर्यंत.
एउसेबिओ पट्टी बांधताना काही बोलला नाही,
हे बरं केलं.

आता सहावा आठवडा.
पाठ अजून येते माझ्याबरोबर.
बेकरीपर्यंत कुरकुरते,
धक्क्यापाशी गप्प होते, पण असते.
मी एक मिनिट पळते, दोन मिनिटं चालते.
समुद्रसिंह ओरडतात, बहुधा एकमेकांवर.
पुलाचा चढ लागतो
आणि त्या चढावर कुठेतरी
ती माझं जॅकेट सोडते.
नेमकं कुठे, ते पाहायला मी आज मागे वळले होते.
नुसता ओला रस्ता.

बूट अजूनही खुर्चीवर पाय ठेवूनच घालते.
खुर्चीही आईचीच.
तिची उंची मात्र बरोबर आहे.