लीबेरच्या विहिरीचं पाणी

लीबेर पाणी घेऊन आला मुरंब्याच्या बरणीत.
झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा, वर दोनदा गुंडाळलेला रबर.
"विहिरीचं," म्हणाला. "सान्ता लुसिया नदीच्या
दोन शेतं अलीकडे."
मग टोपी काढून: "मक्यावर फवारणारा मीच."

तण खाई धन, हे कुठल्याही मुलखात खरं.
मी येर्बाचा पेला पुढे केला.
गरम पाणी आमच्या नळाचं.
तो जरा थांबला, मग प्याला.

संवेदक म्हटलं की लोकांना वाटतं, काहीतरी चकाकणारं.
आमचा इलेक्ट्रोड काळा.
ग्राफाइटची पूड, दोन थेंब पॅराफिन,
अकीकाच्या खलात काजळासारखं होईस्तोवर घोटायचं.
त्यात मिसळायचं ते पॉलिमर,
जे नीदियानं ॲट्राझीनभोवती वाढवलं
आणि मग ज्यातून ॲट्राझीनच धुऊन काढलं,
आठवडाभर, पुन्हा पुन्हा.
उरली फक्त त्याची जागा.
पहाटे उठून गेलेल्या माणसाचा
गादीत खळगा राहतो, तशी.

त्या खळग्यात सहसा दुसरं कुणी मावत नाही.
मीठ, लोह, शेणाचा अंश
उंबऱ्यावरूनच परत.
सिमाझीन तेवढं कधी कधी फसवतं,
चुलत भाऊ ना तो.

आम्ल घातलं. नायट्रोजनचे बुडबुडे सोडले.
पडद्यावर रेघ निघाली, कुरणासारखी सपाट,
आणि उणे एक व्होल्टच्या किंचित अलीकडे
उचलली गेली.
"हात हलला का यंत्राचा?" लीबेरनं विचारलं.

नाही.
पण किती, ते कळायला
त्याच पाण्यात मला तेच औषध मोजून टाकावं लागतं.
काट्यानं काटा.
एक थेंब, एक रेघ. दुसरा थेंब,
रेघ अजून वर.
तो माझ्या बोटांकडे बघत होता.
"तीस वर्षं टाकीत ओततोय," म्हणाला,
"इतकं थोडं कधी ओतलं नाही."

आकडा मी कागदावर लिहिला, मोठ्यानं वाचला नाही.
त्यानं घडी घालून खिशात ठेवला.
चष्मा घरी राहिलाय, म्हणाला,
आणि चष्मा त्याच्या गळ्यात लोंबत होता.

बरणी मात्र परत हवी होती, बायको विचारेल.
मी ती तीनदा विसळली,
उजेडात धरली.
काचेवर लेबलाची चौकोनी जागा होती,
कागद केव्हाच निघालेला,
डिंक अजून
बोटाला चिकटत होता.