कानोसा

मी लोखंड ऐकायचो.
गोव्हनच्या गोदीत, एकोणीस वर्षं.
हातात पितळी डबी, तिला जाड वायर,
वायरीच्या टोकाला हिरवट पडदा
आणि पोलादावर आधी तेलाचं बोट.
तेल हवंच. नाहीतर हवेची फट राहते
आणि आवाज उंबऱ्यावरूनच माघारी फिरतो.
पत्रा धड असेल तर आवाज पलीकडची कड शिवून येतो,
जोड कच्चा असेल तर अर्ध्या वाटेवरून.
एवढंच शास्त्र. बाकी सवयीचं.

इशबेल उंच खाटेवर आडवी.
विसावा आठवडा.
नवरा उत्तर समुद्रात, तेलविहिरीवर,
म्हणून सोबतीला मी, टोपी हातात धरून.
मुलीच्या छातीवरच्या पाटीवर नाव: सोर्चा.
तिने पोटावर जेल ओतलं.
थंड, इशबेल म्हणाली.
हवेची फट नको, मी म्हणालो,
आणि सोर्चाने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

मग मी विचारलंच. इजा होते का?

एफीच्या वेळी एक्स-रे काढला होता.
मूल आडवं आहे का, बघायला.
डॉक्टरांनी ओली फिल्म खिडकीशी धरली,
माशाच्या काट्याएवढा कणा,
मागे पाऊस आणि क्रेनचे हात.
काही नाही हो त्यात, ते म्हणाले, मिनिटाचं काम.
मूल सरळच होतं.
कॅलम. सहा वर्षांचा झाला,
मग त्याचं रक्त पांढरं पडत गेलं.
त्या फिल्ममुळे, असं कुणी म्हणालं नाही.
त्या फिल्ममुळे नव्हे, असंही नाही.
एफी मरेपर्यंत खिडकीशी काही धरून बघायची नाही,
साधं दुधाचं बिलसुद्धा.

सोर्चा म्हणाली, ही किरणं नव्हेत, आवाज आहे.
तुमचाच. फक्त कानाला न लागणारा.
पण आवाजानेही ऊब येते, थोडी,
म्हणून हा आकडा बघत राहते मी.
पडद्याच्या कोपऱ्यात: शून्य पूर्णांक चार.
एकाच्या आत ठेवते, आणि जरुरीपुरतंच.
इतक्या वर्षांत इजा झालेली आढळली नाही.

आढळली नाही.
होतच नाही, असं म्हणाली नाही ती.
मीही कधी कागदावर 'पत्रा निर्दोष' लिहिलं नाही.
'दोष आढळला नाही', खाली सही, तारीख.
साहेब चिडायचे, जहाज विकायचंय म्हणायचे.
पण माणसं बसणार होती त्यात.
तिने 'काही नाही हो त्यात' म्हटलं असतं
तर इशबेलला हाताला धरून घेऊन गेलो असतो.

आणि मॉलमधलं दुकान? इशबेल विचारते.
अर्धा तास दाखवतात, हसतानाचा फोटो,
कापडी अस्वलात ठोके भरून देतात.
सोर्चा मान वर करत नाही.
तिथे आकडा कोण बघतं, ते विचारून घ्या.

मग कणा. मणी मणी ओवलेला.
मग चार कप्पे, उघडमीट.
मी पडद्याकडे कमी आणि तिच्या मनगटाकडे जास्त बघत होतो.
दाबत नव्हती. कानोसा घेतल्यासारखा हात.
माप मिळालं की बटण दाबायची,
चित्र थांबायचं, हात वर.
आम्ही तिघं थांबलेला पाय बघत बसायचो
आणि तेवढा वेळ आत कुणी दार वाजवत नव्हतं.

पोटातलं पाणी हललं नाही माझ्या
असं म्हणणार होतो.
तेवढ्यात पडद्यावर ते हललंच,
कूस बदलली कुणीतरी, काळ्या पाण्यात,
आपल्या मनाने. आमच्या विचारण्याने नव्हे,
असं मला वाटलं. खात्री नाही.

सहा मिनिटं कमीच लागली, सोर्चा म्हणाली.
कागदावर काय लिहिलंय ते मी विचारलं नाही,
वाचता आलं.
कागदी रुमाल मी पुढे केला.
तेल पुसायचं कामही
माझ्याकडेच असायचं.