खुंट्या

नारिनमध्ये, किर्गिझ डोंगरांत,
आमच्या अंधशाळेच्या दाराशी
कोटांच्या एकोणीस खुंट्या.
प्रत्येकीला काहीतरी बांधलेलं, बोटांना कळावं म्हणून.
बेगीमायच्या खुंटीला मेंढीचं हाडूक,
एल्दियारला सायकलच्या चेनचा तुकडा,
एकीला नुसती सुतळीची गाठ.

तेमिरबेक नवा. सहा वर्षांचा.
काय बांधू रे, विचारलं तर
कोट अंगात ठेवूनच झोपला,
तीन रात्री.

रविवारी आई आली घाटापलीकडून.
याची बोटं तिच्या कोटावर
खालून वर, वरून खाली,
मग गळ्याच्या बटणापाशी थांबली.
तिथंच राहिली.

मी कात्री आणून दिली.

बाहेर उणे बावीस.
एका हातानं गळ्याशी कोट आवळून
ती बसची पायरी चढली.

एकोणिसाव्या खुंटीवर
कोट.
अजून गरम.