आठाचा तीन

सतरा अक्षरांतली सोळा जुळली.
आमच्याकडे याला सोळा आणे खरं म्हणतात.
स्वान्सीच्या कचेरीला सतरावा आणाही हवा होता.

झालं असं, की
स्टोरपोर्टला, कालव्याच्या कडेला,
मिसेस टँडींच्या अंगणात ही मायक्रा उभी होती.
बारा वर्षं एका हातातली,
आणि तो हात मागच्या मार्चमध्ये गेलेला.
पुस्तिकेत लिहिलं होतं, रंग चंदेरी.
गाडी शेवाळासारखी हिरवी.
जवळ गेलं की ब्रशच्या रेघा दिसायच्या,
दारावर रंगाचा एक ओघळ,
ओघळात कायमचा बसलेला एक डास.
"लेननं बोट रंगवली, दोन डबे उरले,"
मिसेस टँडी म्हणाल्या. एवढंच.
मग किल्ली माझ्या तळव्यावर ठेवली
आणि बोटं काही लगेच काढली नाहीत.

रंगाचं एक सोडा, रंग कळवता येतो.
पण ड्रायव्हरच्या सीटशेजारचा गालिचा उचलला
तर पत्र्यावर शेवटचा आकडा तीन,
कागदावर आठ.
विमा कंपनीतल्या मुलीनं फोनवर विचारलं,
तुम्ही घेतलेली गाडी नक्की हीच ना?
मी खिडकीतून पाहिलं.
रस्त्यात दुसरी हिरवी कुठलीच नव्हती.

पावणेसातची बस, मग ब्यूडलीची बस,
मग चढ. पहिलं इन्सुलिन साडेसातला.
सहा आठवडे म्हातारे घड्याळाकडे बघत
बाही वर करून बसून राहिले.
कुणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.

कचेरीला इंग्रजीत लिहिलं चार ओळी,
कृपया दुरुस्ती व्हावी, सोबत अमुक, सोबत तमुक.
आणि फुकट गेलेल्या पाकिटाच्या पाठीवर
मराठीत, माझ्यापुरतं:
अहो साहेब, आमचा आठ मुळातच उघडा.
एक वाकडी रेघ, वारा आला-गेला.
तुमचा दोन गाठींचा, दोन्हीकडून बंद.
त्यात पाणी साचतं, ओल धरते, गंज लागतो,
डावी बाजू झडली
की उरतो तो तीन.
यात लबाडी कुणाची असेल तर पावसाची.

मी पॉलिश पेपर घेऊन गॅरेजात गेले.
क्लाइव्ह म्हणाला, घासू नका,
उरलंय तेही जाईल.
त्यानं पातळ कागद पत्र्यावर अंथरला,
कानामागची पेन्सिल आडवी धरली
आणि झोपलेल्या पोराच्या पाठीवरून फिरवावा
तसा हात फिरवला.
वीस पैशांचं षट्कोनी नाणं वहीखाली ठेवून
आम्ही असंच करायचो, मधल्या सुट्टीत.
करड्या धुक्यातून आधी अक्षरं आली,
मग आकडे,
आणि अगदी शेवटी, डाव्या अंगाला,
दोन फिकट कंसांसारख्या खुणा.
डोळ्यांना दिसत नव्हत्या, बोटांना लागत नव्हत्या.
कागदानं ओळखल्या.
क्लाइव्हनं खाली तारीख टाकली, सही केली, शिक्का मारला,
आणि पैसे विचारले तर हात पुसत राहिला.

नवी पुस्तिका काल आली.
रंग हिरवा. शेवटचा आकडा आठ.
मी तो तीनदा वाचला, बोट ठेवून.
मग वर नजर गेली.
मालक: मिस्टर ब्रिंदा कारखानीस.

चहा ठेवला. पेनाचं टोपण काढलं.
वृंदेची कुठली बाजू झडली, कुठल्या ओलीनं,
आणि कागद अंथरायचा तरी कशावर?
टोपण लावलं.
आज आधी ब्यूडली.
मिसेस टँडींच्या गल्लीवरून जाताना
हॉर्न मारायचा नाही,
नुसती थोडी हळू चालवायची.