बेरीज

हरिपूरच्या वाटेला, पुरात ढासळलेल्या पेवांमागं,
बाभळीखाली. मंगळवार, शुक्रवार, साडेचार.
साडीच्या दुकानाची जुनी पिशवी :
सुया, सिरिंजा, पाण्याच्या काचकुप्या,
स्पिरिटचा कापूस,
आणि वापरलेल्यांसाठी जाड पांढरा डबा.

सासूबाई गल्लीत सांगतात, सून डोस पाजत फिरते.
तसं अगदीच खोटं नाही.

वहीत नावं नसतात. नंबर, दिल्या, परत.
अठरा : दहा दिल्या, सात परत.
एकतीस : नुसता आला, बसला, गेला.
सत्तेचाळीस म्हणजे भूपाल
(हे वहीत नाही, तुम्हीही विसरा).

तो हात पुढं करतो. मी बघते,
ज्योतिषी बघतो त्याच्या बरंच वर,
कोपराच्या खोबणीत, जिथं शीर
न वापरलेल्या बांधासारखी बुजलीये.
'इथं नको आता, पू धरेल. दुसरा हात घे.'
पहिल्यांदा हे म्हणाले
त्या रात्री जेवण गेलं नव्हतं.
आता म्हणते, आणि वर विचारते : जेवलास?

कधी सोडणार, हे मी विचारत नाही.
ते त्याची बहीण विचारते. रोज.

त्याचा बाप हळदीच्या पेवात उतरायचा.
भूपालनंच सांगितलं, शुद्धीतल्या एका दुपारी :
पेव उघडलं की लगेच उतरायचं नसतं, ताई.
आधी दोरीनं कंदील सोडायचा.
विझला, तर थांबायचं. हवा खेळू द्यायची.
'आणि आत आधीच कुणी असलं तर?'
तो बराच वेळ नखं खरवडत बसला.
'तर कंदील वर ओढायचा नाही.'

मग तीन शुक्रवार सत्तेचाळीस कोरा.

चौथ्याला बहीणच आली. शाळेतून थेट,
खडूची बोटं, हातात बोर्नव्हिटाची बरणी.
'गादीखाली होती. कचऱ्यात टाकवेना.
मिरजेला ॲडमिट आहे. चहा मागतोय सारखा.'
मी बरणी उघडून मोजल्या. एकोणतीस.
त्याच्याकडं माझ्या नऊच राहिल्या होत्या.
बाकीच्या कुणाच्या? 'वेचायचा,' ती म्हणाली,
'पोरं खेळतात ना पेवांकडं, अनवाणी.'

निघाली. चार पावलांवरून मागं फिरली.
माझ्याकडं न बघता, बाभळीकडं बघत :
'सोमवारी घरी सोडतील.
द्या. नव्या.'

वहीत लिहिलं :
सत्तेचाळीस. दिल्या दहा. परत एकोणतीस.
बेरीज जुळत नाही. ऑफिसातून फोन येईल.
येऊ दे.